सात हजार फुटांवरची चाळ

गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या माणसाचं आयुष्यात एकच ध्येय असतं, चाळीतून बाहेर पडणं. त्यासाठी तो शिकतो, इंजिनिअर होतो, डोंबिवलीमार्गे कॅलिफोर्नियाला पोचतो, तीस वर्षांच्या हप्त्यांवर घर घेतो आणि पाहुण्यांना घर दाखवताना दिवाणखान्याच्या आधी न्हाणीघरांचा आकडा सांगतो. आमच्याकडे अडीच आहेत. (अमेरिकेत न्हाणीघरं अपूर्णांकात मोजतात. ज्यात आंघोळ करता येत नाही ते अर्धं.) अशा माणसाला कुणी येऊन म्हणालं की, बाबा रे, दरवर्षी वर्गणी भर, शिवाय ठरावीक तास अंगमेहनत कर, भांडी घास, जिने झाड, आणि त्याबद्दल तुला सात हजार फुटांवर बर्फात, एका जुन्या लाकडी इमारतीत, चाळीसेक अनोळखी माणसांबरोबर, मजल्यामागे एक सामाईक संडास वापरायची परवानगी मिळेल, तर तो त्या माणसाला दारातूनच परत पाठवेल अशी तुमची कल्पना असेल. आम्ही प्रतीक्षायादीत नाव घातलं आणि नंबर कधी लागतो याची वाट बघत बसलो.

आता मुळात आपला बर्फाशी संबंध मनालीपुरता. भाड्याचा ढगळ कोट चढवायचा, भाड्याचे गमबूट घालायचे, एकमेकांवर दोन गोळे फेकायचे, याकच्या पाठीवर बसून फोटो काढायचा आणि हुडहुडी भरली की मॅगी खायची. पायांना फळ्या बांधून त्या बर्फावरून खाली घसरायचं असतं, हे आपल्या सात पिढ्यांत कुणाला सुचलं नाही, आणि त्यात पिढ्यांचं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणाऱ्याची यातून सुटका नसते. तिथून एकशेऐंशी मैलांवर सिएरा नेवाडाचे डोंगर आहेत, त्यांत टाहो नावाचं निळंशार तळं आहे आणि तळ्याभोवती स्कीची रिसॉर्टं आहेत. डिसेंबर उजाडला की ऑफिसात, शाळेत, केस कापायला गेलं तर तिथेही एकच विषय. पोरं घरी येऊन विचारतात, "आपण टाहोला का नाही जात?" आणि विचारण्याच्या सुरातच "आपण गरीब आहोत का?" हा पुढचा प्रश्न असतो.

गरीब नव्हतो, पण होण्याचा हा खात्रीचा मार्ग होता. मोठ्या रिसॉर्टच्या खिडकीवर ऐन हंगामात एका माणसाचं एका दिवसाचं लिफ्टचं तिकीट दोनशे डॉलरच्या पुढे जातं. बरं, खाली यायला पैसे पडत नाहीत, ते काम गुरुत्वाकर्षण फुकट करतं. पैसे फक्त वर जायचे. त्यात पोरांची शिकवणी, स्कीजचं भाडं, हॉटेल आणि डोंगरावर विकला जाणारा सोन्याच्या भावाचा सूप-पाव. बायकोने एका शनिवार-रविवारचा हिशेब मांडला आणि पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "एवढ्यात आपण चौघं पुण्याला जाऊन, लग्न लावून परत येऊ." कुणाचं, ते तिने सांगितलं नाही.

तेव्हा एका मित्राने स्की क्लबची गोष्ट काढली. क्लब म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर जिमखाना आला. पांढऱ्या पँटी, बिलियर्ड, मागे उभा असलेला वेटर. मित्र म्हणाला, तसलं काही नाही, उलट तिथे वेटर तूच.

हे क्लब का निघाले याला इतिहास आहे. 1930च्या दशकात सदर्न पॅसिफिक रेल्वे सुट्टीच्या दिवशी शहरातल्या हौशी लोकांसाठी डोंगरात खास 'स्नो ट्रेन' सोडायची. लोक वर तर पोचले, पण राहणार कुठे? श्रीमंतांसाठी सोय लवकरच झाली. 1939च्या डिसेंबरात डॉनर खिंडीजवळ 'शुगर बोल' उघडलं, त्यात वॉल्ट डिस्नेने पैसे घातले म्हणून तिथल्या एका शिखराला माउंट डिस्ने नाव पडलं. पण शिक्षक, कारकून, गोदी कामगार यांना ते परवडणारं नव्हतं. त्यांच्यासाठी वाट आधीच घालून दिलेली होती. 1934 साली सिएरा क्लबच्या सभासदांनी नॉर्डनला स्वतःच्या हातांनी 'क्लेअर टॅपन लॉज' बांधला, आणि तिथे उतरणाऱ्या प्रत्येकाने एखादं काम उचलायचं हा रिवाज पाडला. पुढे युद्ध संपल्यावर बऱ्याच मंडळ्यांनी तोच कित्ता गिरवला. तुळया स्वतः वाहिल्या, खिळे स्वतः ठोकले. इमारतीला पैसे नव्हते म्हणून घाम घातला, आणि आता पैसे आहेत तरी घामाची अट कायम आहे. घटनेतच लिहिलंय. घटना बदलायला दोन तृतीयांश मतं लागतात आणि दोन तृतीयांश सभासद कधी एका बाजूला आले आहेत असं चाळीच्या इतिहासात घडलेलं नाही.

सभासद समितीने आमची मुलाखत घेतली. मी आदल्या रात्री स्कीच्या तांत्रिक संज्ञा पाठ करून गेलो होतो. तिथे स्की हा शब्दसुद्धा निघाला नाही. पहिला प्रश्न, "घोरता का?" दुसरा, "शिडीवर चढायची भीती वाटते का?" तिसरा, पोरं किती वाजता झोपतात. मग व्यवसाय. सॉफ्टवेअर म्हटल्यावर समितीतल्या काकू खिन्नपणे म्हणाल्या, "सॉफ्टवेअरवाले आमच्याकडे खूप आहेत हो. इलेक्ट्रिशियन एकच आहे आणि तो त्र्याहत्तर वर्षांचा आहे." माझा निकाल लागल्यातच जमा होता. तेवढ्यात बायको म्हणाली, "मला चाळीस माणसांचा स्वयंपाक येतो." हे तिने महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत सिद्ध केलेलं आहे. समितीने एकमेकांकडे पाहिलं. त्या वाक्यावर आम्हाला सभासदत्व मिळालं. मी तिच्याबरोबर फुकट आलो, जसं डब्याबरोबर झाकण.

स्की क्लबचा हंगाम बर्फ पडल्यावर सुरू होतो असं बाहेरच्यांना वाटतं. तो सप्टेंबरात, कडक उन्हात, कुऱ्हाडीने सुरू होतो. या शिबिराला 'वर्क वीकेंड' म्हणतात आणि याला येणं सक्तीचं. सगळ्या हिवाळ्याची लाकडं फोडून रचायची, गाद्यांना ऊन दाखवायचं, छपराच्या पन्हळीतल्या पाइनच्या सुया उपसायच्या, आग लागू नये म्हणून इमारतीभोवतीचं वाळलेलं गवत काढायचं, बर्फाचा भार पडेल त्या खिडक्यांवर फळ्या ठोकायच्या. इथे माणसाची बाहेरची पत फाटकाशीच गळून पडते. मोठ्या इस्पितळातले हृदयशल्यविशारद तुंबलेल्या मोरीत हात घालून बसलेले होते आणि त्यांच्या डोक्यावर बॅटरी धरून त्यांना "डावीकडे, डावीकडे, तुला डावं कळतं का?" असं दरडावणारा पोरगा बारावीत होता. मला लाकडं फोडायला दिली. ओंडक्याच्या मध्यावर घाव घालायचा नसतो, कडेकडेने सुटा करत आणायचा असतो, हे मला क्लबच्या एका आजीबाईंनी शिकवलं. त्यांनी माझ्या हातातून कुऱ्हाड घेतली, एका घावात दोन तुकडे केले, कुऱ्हाड परत दिली आणि विणायला बसल्या.

या डोंगरात फुकट राबायची परंपराही जुनीच आहे. 'स्नोशू' थॉम्पसन नावाचा एक नॉर्वेजियन 1856पासून वीस वर्षं हिवाळ्यात दहा फुटी लाकडी स्कीजवरून सिएरा ओलांडून टपाल पोचवायचा. पाठीवर पोतं, हातात एक काठी, निजायला बर्फ. सरकारने त्याला त्या कामाचा मोबदला कधी दिलाच नाही. मागायला तो वॉशिंग्टनपर्यंत जाऊन आला. क्लबच्या भिंतीवर त्याचं चित्र आहे, आणि ते बरोबर कामाच्या रोस्टरच्या वर लावलंय.

मग हिवाळा येतो आणि शुक्रवार संध्याकाळ येते. नकाशावर साडेतीन तासांचा रस्ता. इंटरस्टेट-80 नावाच्या त्या महामार्गाला लागेपर्यंत तुम्ही कायद्याने वागणारे, सुशिक्षित नागरिक असता. कोलफॅक्स ओलांडलं की फलक लागतो, पुढे साखळ्यांची सक्ती. याचे तीन दर्जे आहेत. आर-1 आणि आर-2मध्ये टायर, चार चाकांची ओढ वगैरे पाहून काही गाड्यांना सूट मिळते. आर-3 म्हणजे कुणालाही सूट नाही, सगळ्यांनी साखळ्या लावा. पण हा आर-3 प्रत्यक्षात फारसा कुणी पाहत नाही, कारण तो लागू करायची वेळ येईपर्यंत रस्ताच बंद करून टाकतात. सरकारने नियम करावा आणि तो मोडायची संधीच जनतेला देऊ नये, यातलं कौशल्य मला फार आवडलं.

साखळ्या लावायचं शिक्षण मी घरच्या गॅरेजमध्ये, सपाट जमिनीवर, उबेत, चहा पीत घेतलं होतं. प्रत्यक्ष परीक्षा अंधारात, चिखलमिश्रित बर्फात उताणं पडून, शेजारून ट्रक जात असताना असते. रस्त्याच्या कडेला नंबरांची बंडी घातलेले परवानाधारक साखळीवाले उभे असतात. ते साखळी विकत नाहीत, फक्त तुमची तुम्हाला लावून देतात आणि त्याचे पैसे घेतात. बायकोने काच अर्धी खाली करून त्यातल्या एकाला हाक मारली, तेव्हा मी गाडीखालून "जमतंय, जमतंय" म्हणत होतो. साखळीवाल्याने माझे पाय धरून मला बाहेर ओढलं. अत्यंत आदराने.

आई पुण्याहून आलेली असताना आम्ही तिला वर घेऊन गेलो. म्हटलं, वाटेवरचं स्मारकही दाखवू. डॉनर खिंडीला ज्यांचं नाव आहे ती माणसं 1846 साली बैलगाड्यांतून पश्चिमेला निघाली होती. सगळी मिळून सत्त्याऐंशी. जवळचा म्हणून सांगितलेला रस्ता धरला, तो लांबचा निघाला, खिंडीशी पोचायला उशीर झाला आणि बर्फाने गाठलं. हिवाळाभर तिथेच अडकली, जवळजवळ निम्मी दगावली, आणि जगलेल्यांपैकी काहींनी जे खाल्लं ते जेवणाच्या वेळी सांगण्यासारखं नाही. स्मारकाचा चौथरा बावीस फूट उंच आहे, तेवढा तेव्हा बर्फ होता असं सांगतात. आईने फलकावरचा सगळा मजकूर नातवाकडून वाचून घेतला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "म्हणजे इथे जेवणाखाण्याची सोय पहिल्यापासूनच नाही." मग गाडीत बसल्यावर बराच वेळ गप्प राहून, "एवढ्या लांब निघाले, बरोबर दशम्या नकोत का माणसाच्या?" त्यानंतर आमच्या गाडीत स्कीजना जागा उरली नाही. लाडू, चकल्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि दोन डझन दशम्या. रस्ता बंद झाला तर आम्ही वसंत ऋतूपर्यंत तग धरू शकलो असतो.

आणि तसं म्हटलं तर आईचं चुकत नव्हतं. 1952च्या जानेवारीत 'सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को' ही डौलदार आगगाडी याच डोंगरात हिमवादळात अडकली. आत सव्वादोनशे माणसं, तीन दिवस. त्या हिवाळ्यात जवळच्या सोडा स्प्रिंग्जच्या हिमप्रयोगशाळेच्या नोंदीत 812 इंच बर्फ आहे, आणि अगदी अलीकडे 2022-23च्या हिवाळ्यात 754 इंच, म्हणजे एकोणीस मीटर पडला. सहा मजली इमारतीएवढा. आम्ही नेमके त्याच साली नवे सभासद झालो होतो.

एवढ्या बर्फात लॉजचं तळमजल्याचं दार ही नुसती ऐतिहासिक माहिती उरते. रात्री अकराला पोचायचं, गाडी महामार्गाजवळच्या वाहनतळावर ठेवायची, सामान प्लॅस्टिकच्या घसरगाडीवर लादून चढावर ओढत न्यायचं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दारातून आत शिरायचं. तेही जो आधी पोचला त्याने फावड्याने मोकळं केलं असेल तर. पहिला पोचणारा नेहमी आपणच असतो, हे निसर्गाचं आणि चाळीचं दोघांचं तत्त्व आहे. आत बूट काढायची खोली. तिथे चाळीस माणसांचे ओले मोजे वाळत असतात. त्या वासाबद्दल क्लबच्या माहितीपत्रकात 'घरगुती वातावरण' असं म्हटलंय.

झोपायला बंक. खाली मुलं, वर आपण, की उलट, यावर प्रत्येक कुटुंबात नवा वाद. उशीचे अभ्रे आणि झोपायची पिशवी आपली आपण आणायची. घोरणाऱ्यांची खोली वेगळी, आणि तिला 'करवतखाना' अशा अर्थाचं टोपणनाव आहे. मुलाखतीत मी "छे, मी नाही घोरत" म्हणालो होतो. बायकोने तेव्हा छताकडे पाहिलं होतं. पहिल्याच रात्री दोनच्या सुमारास कुणीतरी मला झोपेच्या पिशवीसकट उचलून तिकडे हलवलं. कुणी, ते समितीने आजवर गुप्त ठेवलंय. सकाळी उठलो तर शेजारच्या बंकवर एक निवृत्त न्यायाधीश. "स्वागत आहे," म्हणाले, "इथली माणसं जास्त चांगली आहेत." खरं होतं ते. क्लबचे सगळे महत्त्वाचे निर्णय करवतखान्यात होतात.

स्वयंपाकघर हा मात्र स्वतंत्र प्रांत आहे. फळ्यांवर प्रत्येक कुटुंबाचं नाव, फ्रिजमध्ये प्रत्येक बरणीवर नाव आणि तारीख, आणि नाव नसलेली वस्तू रविवारी दुपारी बारानंतर सार्वजनिक. या नियमाने मी अनेकांचे चांगले चीज खाल्ले आहेत. शनिवारचं जेवण सामुदायिक, पाळीपाळीने. आमची पाळी आली तेव्हा बायकोने डाळ, भात, बटाट्याची भाजी असा साधा बेत केला. पण सात हजार फुटांवर पाणी त्र्याण्णव अंशालाच उकळतं. उकळतं खूप, शिजवत काही नाही. पूर्वीच्या सभासदांनी डाळ करून पाहिली होती म्हणे, ती दुपारी चढवली ती रात्री नऊपर्यंत तशीच कडक, शेवटी मुलांनी तिचा गोट्यांसारखा उपयोग केला. आमच्याकडे कुकर होता. आता क्लबच्या लोकांची झोप काय आहे ते सांगतो. पहाटे साडेपाचला समोरच्या डोंगरावर हिमकडे मुद्दाम कोसळवण्यासाठी रिसॉर्टवाले स्फोटकं लावतात. खिडक्या थरथरतात. आई पहिल्या दिवशी "युद्ध सुरू झालं का रे?" म्हणून उठून बसली होती. बाकी लॉज गाढ झोपेत. तीच माणसं संध्याकाळी कुकरची पहिली शिट्टी झाल्याबरोबर अग्निशामक नळकांडी घेऊन स्वयंपाकघरात धावली. आई शांतपणे म्हणाली, "अजून दोन व्हायच्यात."

त्या रात्री चाळीस माणसांनी वरण-भात दोनदा घेतला. त्र्याहत्तर वर्षांच्या इलेक्ट्रिशियनने लिंबाचं लोणचं पावाला लावून खाल्लं आणि तो बराच वेळ काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी फोडणीमुळे धुराचा भोंगा वाजतो तो वाजू नये म्हणून त्याने आपण होऊन चुलीवर पंखा बसवून दिला. आईने त्याचं नाव 'नाना' ठेवलं आणि त्यालाही ते ठाऊक आहे. हाक मारली की वळून बघतो.

राहता राहिलं स्कीइंग. तेही असतं. आधी बूट. स्कीचा बूट म्हणजे पायासाठी केलेलं प्लास्टर, फरक एवढाच की प्लास्टर मोडल्यावर घालतात. तो घालून चालता येत नाही, जिना उतरता येत नाही आणि ज्या क्षणी शेवटचा खटका बसतो त्या क्षणी लहान मुलाला शू लागते. मग भाड्याच्या दुकानात एक फॉर्म. वय, उंची, वजन, आणि तुम्ही जपून जाणारे आहात की बेफाम, ते तीन प्रकारांत सांगा. पडल्यावर पाय बुटासकट स्कीमधून किती जोराने सुटावा, हे त्यावरून ठरतं. म्हणून वजन खरं लिहावं लागतं. मराठी माणसाने वजन, तेही पौंडांत, तेही लेखी, तेही मागे रांग असताना! माझ्या पुढच्या गृहस्थांनी बायकोकडे चोरून बघत आकडा लिहिला. बायकोने पेन घेतला आणि दुरुस्त केला.

शिकवणीत पोरांना सांगतात, स्कीजची पुढची टोकं जवळ आणून पिझ्झाचा तुकडा करा, की वेग कमी होतो. समांतर ठेवल्या की फ्रेंच फ्राईज, वेग वाढतो. पोरं हे अर्ध्या तासात शिकतात, कारण त्यांचं ढुंगण जमिनीच्या जवळ असतं आणि त्यांना विम्याची माहिती नसते. मला पिझ्झाच जमत नव्हता. माझा तुकडा उलटा, टोक मागच्या बाजूला. धाकटी माझ्या शेजारून उलटी घसरत जाता जाता ओरडायची, "बाबा, पिझ्झा! पिझ्झा!" त्यावर डोंगरभर लोक उपाहारगृह कुठे आहे ते मला दाखवायचे. त्यात इथला बर्फ समुद्राकडून येणारा, ओला, जड. स्थानिक लोक त्याला 'सिएरा सिमेंट' म्हणतात. त्यात पडण्याला मऊ म्हणणारा माणूस कधी पडलेला नसतो.

चेअरलिफ्टबद्दल एवढंच सांगतो. जगातली पहिली चेअरलिफ्ट 1936 साली आयडाहोतल्या सन व्हॅलीत झाली. ती ज्या रेल्वे-इंजिनिअरने काढली त्याने त्याआधी जहाजांत केळ्यांचे घड चढवायची दोरयंत्रणा पाहिली होती. आकड्यांच्या जागी त्याने खुर्च्या लावल्या. खुर्ची मागून येऊन पोटऱ्यांवर आदळते, आपण बसतो की ती आपल्याला बसवते हे कळत नाही, आणि वर गेल्यावर चालू खुर्चीतून उतरून बाजूला व्हायचं असतं. मी बाजूला होत नसे. मी जिथे उतरलो तिथेच पिकत पडलो असताना मागून पुढचा घड यायचा. लिफ्टवाला पोरगा दरवेळी यंत्र थांबवून मला उचलायचा आणि नाव विचारायचा. महिन्याभरात त्याला नाव पाठ झालं, तेव्हा मी इथे रुळलो असं समजलो.

पण खरं सांगू का, स्की येवो न येवो, या लॉजमध्ये एक गोष्ट बघायला मिळते ती कॅलिफोर्नियातल्या आमच्या अडीच न्हाणीघरांच्या घरात नाही. तिथे शेजाऱ्याचं पोर आपल्या दारात पडून रडत असलं, तरी आपण आधी त्याच्या आईला मेसेज करतो. इथे कुणीही कुणाच्याही पोराला ओरडतं. आमचा थोरला ओले बूट घालून गालिच्यावर गेला, तर एका कॅनेडियन काकूंनी त्याचा कान धरला नाही एवढंच. तो आज्ञाधारकपणे पुसायला बसला. घरी मी तेच सांगितलं असतं तर त्याने मला त्याच्या हक्कांबद्दल ऐकवलं असतं. संध्याकाळी वाय-फाय चालत नाही (नाना म्हणतात वायर उंदराने खाल्ली, मला वाटतं उंदीर नानाच). मग पोरं जुने पत्ते काढतात, चौकट राणी हरवलेली, तिच्या जागी 1990 सालचा एक लिफ्ट पास. हजार तुकड्यांचं चित्रकोडं मांडतात, ज्याचे नऊशे ब्याण्णव तुकडे आहेत हे जुन्या सभासदांना ठाऊक असतं आणि ते मुद्दाम सांगत नाहीत. पोरांपैकी कोण कुणाचं, ते आठच्या जेवणापर्यंत कळत नाही, आणि कधी कधी त्यानंतरही. एकदा आम्ही घरी निघालो तेव्हा गाडीत पाच पोरं होती. आमची दोन आहेत. किंगव्हेलला लक्षात आलं.

मार्चमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभा लॉजमध्येच भरते, कारण बर्फामुळे कुणाला पळून जाता येत नाही. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करतात. मग हिशेब, त्यात चार डॉलर जुळत नाहीत, त्यावर पाऊण तास. मग ज्यांनी कामाचे तास भरले नाहीत त्यांची नावं जाहीर वाचली जातात आणि प्रत्येक जण उठून पाठीच्या दुखण्याबद्दल बोलतो. मग दुसरं डिशवॉशर घ्यायचं की नाही. हा ठराव रेगन अध्यक्ष असताना पहिल्यांदा आला. बाजूने बोलणारे म्हणतात, पोरांचा वेळ वाचेल. विरोधातले म्हणतात, पोरांचा वेळ वाचवून करायचाय काय? विरोधकांच्या पुढाऱ्या म्हणजे त्या कुऱ्हाडवाल्या आजीबाई. त्यांचं म्हणणं, त्यांना त्यांचा नवरा भांडी घासतानाच भेटला. यावर टाळ्या पडतात. यंदा आईही सभेला बसली होती. सभासद नसताना तिने हात वर केला, आणि अध्यक्षांनी तिला बोलू दिलं. तिने मराठीत सांगितलं की, यंत्राला कढईचा तळ निघत नाही. मी भाषांतर केलं. सभागृह हललं. बायकोने डिशवॉशरच्या बाजूने मत दिलं, आईने विरोधात हात उंचावला, आणि दोघी मिळून माझ्याकडे बघू लागल्या.

मी तटस्थ राहिलो. तटस्थ माणूस सापडला म्हणून सभेने आनंदाने माझी नेमणूक डिशवॉशर उपसमितीवर केली. बाकीचे दोघे करवतखान्यातले. पहिली बैठक येत्या शनिवारी सकाळी आठ वाजता, स्वयंपाकघरात. हवामान खात्याच्या अंदाजाप्रमाणे शुक्रवारी रात्री दोन फूट ताजा, हलका, कोरडा, या डोंगरात वर्षातून एखाद्या वेळीच मिळणारा बर्फ पडणार आहे, आणि शनिवारी लख्ख ऊन.